पेयोला नावाची सवत

मित्रांनो, मी एक जुनी फर्माईशपेटी आहे आणि स्वभावाने मत्सरी आहे. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी उगाच माझी कीव करायला नको. सध्या माझा मुक्काम एका छोट्या रेडिओ केंद्राच्या अडगळीच्या खोलीत आहे. माझ्या पोटात तुटक्या वायरी, दोन बंद पडलेले हेडफोन आणि डिंकाची एक बिनझाकणाची बाटली आहे. लोक हल्ली फर्माईश फोनवर करतात. तो फोन पुढच्या खोलीत टेबलाच्या मधोमध ऐटीत बसलेला असतो आणि दिवसभर खिदळतो. मला तो मुळीच आवडत नाही.

माझा जन्म याच इमारतीच्या मागच्या अंगणात झाला. एका सुताराने जुन्या दाराच्या जाड फळ्या कापून मला घडवलं. माणूस अबोल होता, पण कामात कुचराई त्याला खपत नसे. पत्रं टाकण्याच्या फटीवरून त्याने पॉलिश कागद चार वेळा फिरवला. “पाकिटाची कड अडता कामा नये,” असं तो स्वतःशीच पुटपुटत होता. मग मला पुढच्या खोलीच्या भिंतीत बसवलं. माझं तोंड रस्त्याकडे आणि वर उघडणारं झाकण आतल्या बाजूला, निवेदकाच्या टेबलाला अगदी लागून. त्यामुळे रस्त्यावरचं बोलणंही मला ऐकू यायचं आणि खोलीतलंही. बाहेर लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘आपली फर्माईश येथे टाका’. ती अक्षरं नवीन होती तेव्हा माझ्यासारखी देखणी वस्तू त्या रस्त्यावर दुसरी नव्हती, हे मी माझ्या तोंडाने सांगते, कारण दुसरं कुणी सांगणार नाही.

केंद्रावर रोज दीड वाजता ‘दुपारची फर्माईश’ लागायची. ती सादर करणाऱ्या निवेदकांना सगळं गाव मामा म्हणायचं. आवाज खर्जातला, भारदस्त. ते नुसते “नमस्कार” म्हणाले तरी बायका हातातलं काम थांबवून रेडिओचा आवाज वाढवायच्या. पण माझ्याशी ते वेगळ्याच आवाजात बोलायचे. रोज साडेबाराला खिशातून किल्ली काढायची, माझं झाकण उघडायचं आणि म्हणायचं, “काय गं, आज काय काय आणलंस?”

खरं सांगते, त्या एका वाक्यावर मी सतरा वर्षं काढली.

माझ्यातली पत्रं ते एकेक करून वाचायचे, स्वतःशीच हसायचे, कधी चष्मा काढून डोळे पुसायचे. निवडलेली पत्रं शेजारच्या खोलीत सूचीबाईंकडे जायची. सूचीबाई म्हणजे गाण्यांच्या तबकड्या सांभाळणाऱ्या बाई. गाण्याचे पहिले दोन शब्द सांगा, त्या कपाट, खण आणि क्रमांक सांगणार. त्यांना माहीत नसलेली गोष्ट समोर आली की त्या एक कार्ड काढायच्या, वर शब्द लिहायच्या, खाली अर्थ आणि त्याखाली वाक्यात उपयोग. अशी कार्डं त्यांनी खोकी भरून ठेवली होती. मामा माइकशी बोलतात याचा मला कधी राग आला नाही. माइक ऐकून पुढे पाठवतो, एवढंच त्याचं काम. गावाच्या मनातलं मामांना सांगणारी मीच, असं मी मानत होते.

मग एक दिवस गोडबोल्या आला.

हा तबकड्या विकणाऱ्या एका कंपनीचा एजंट. त्याचं खरं नाव कुणी विचारलं नाही, कारण पहिल्याच भेटीत त्याने आमच्या केंद्रप्रमुख साहेबांच्या टायचं, सूचीबाईंच्या अक्षराचं आणि खोलीतल्या पंख्याचंसुद्धा कौतुक केलं होतं. जाताना त्याने मामांसाठी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा ठेवला. निळाशार, कडेला सोनेरी रेघ, झाकणावर फुलांच्या टोपलीचं चित्र. टेबलावर कागदांची गर्दी होती, म्हणून मामांनी डबा उचलला आणि ठेवला कुठे? माझ्या डोक्यावर. थेट माझ्या झाकणावर!

बिस्किटं आठवड्यात संपली. डबा मात्र हलला नाही. गोडबोल्या दर सोमवारी यायचा, डब्यात काहीतरी सरकवायचा आणि म्हणायचा, “प्रेमाने देतोय मामा, नाही म्हणू नका.” कधी शर्टाचं कापड, कधी मनगटी घड्याळ, कधी चिकटवलेलं पाकीट. आणि त्याबरोबर चिठ्ठ्या. त्या चिठ्ठ्यांवर त्याच्या कंपनीच्या नव्या गाण्यांची नावं असायची आणि फर्माईश करणाऱ्यांची नावंही असायची. मामांना फक्त वाचायचं काम.

मला उघडायचं तर आधी डबा उचलावा लागायचा. पहिले काही दिवस त्यांनी उचलला. मग एक दिवसाआड. मग साडेबाराला त्यांचा हात यायचा, माझ्या अंगावर सावली पडायची, मी सरसावून बसायचे आणि वर पत्र्याचं झाकण टक्कन उघडायचं. त्या आवाजाने माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आणि एकदा तर, मित्रांनो, मामा डब्यात डोकावून म्हणाले, “बघू, आज काय आहे?” माझंच वाक्य! दोन-चार शब्द बदलून त्या पत्र्याला दिलं!

त्या दुपारी माइकवर मामा म्हणाले, “गिरणीच्या मागच्या गल्लीतून तिघी मैत्रिणींनी हे गाणं मागवलं आहे.” गिरणीच्या मागे गल्ली नाहीच. तिथे उंच भिंत आहे आणि भिंतीपलीकडे नाला. रस्त्यावरून जाणारा एक टपालवाला शेजारच्या दुकानातल्या रेडिओवर हे ऐकून माझ्यासमोर थबकला आणि हसत निघून गेला. मी मात्र हसू शकले नाही. माझ्या पोटात खऱ्या माणसांची पत्रं साठत चालली होती.

असा महिनाभर गेला आणि मुख्य कार्यालयाकडून एक परिपत्रक आलं. साहेबांनी ते सगळ्यांना टेबलाभोवती उभं करून वाचून दाखवलं. “निवेदकांनी पेयोला घेऊ नये, जवळ ठेवू नये, पेयोलाच्या नादी लागू नये. कसूर करणाऱ्याची गय केली जाणार नाही.”

पेयोला म्हणजे काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

“पेय दिसतंय,” साहेब कपाळाला आठ्या घालून म्हणाले. “पेय, आणि वर ओला. कुठलं तरी नवीन थंड पेय असणार. यंत्रांवर सांडत असेल.”

“तो पेयोला की ते पेयोला?” सूचीबाईंनी कार्ड काढत विचारलं.

“तो असो की ते असो, आजपासून आत काही प्यायचं नाही,” साहेबांनी फर्मान काढलं. चहावाल्याला दारातूनच परत पाठवलं. पाण्याचा माठ अंगणात गेला. सरबताच्या दोन बाटल्या मोरीत ओतल्या गेल्या, आणि त्या ओतताना साहेबांचा चेहरा एखादा मोठा गुन्हा उघडकीस आणल्यासारखा झाला होता.

माझा अंदाज मात्र वेगळाच होता. घेऊ नये, जवळ ठेवू नये, नादी लागू नये! इतकं कशाबद्दल बोलतात, हे मला कुणी शिकवायला नको. पेयोला ही ‘ती’ होती. पेयोला म्हणजे माझ्या डोक्यावर बसलेली ती निळी, सोनेरी रेघांची सटवी. सवतीचं नाव कळल्यावर मला जरा बरं वाटलं. नाव माहीत असलं की शिव्या देणं सोपं जातं.

आणि मामा? मामांनी परिपत्रक मनापासून पाळलं. दिवसाला सहा कप चहा पिणारा माणूस, पण कामाच्या वेळात घोटभर पाणीही घेईना. तीन आठवड्यांत त्यांचा खर्ज खरखरायला लागला. “नियम म्हणजे नियम,” असं म्हणत ते कोरड्या घशाने डब्याचं झाकण उघडायचे आणि गोडबोल्याची चिठ्ठी काढायचे. ढोंग नव्हतं ते. त्यांना खरंच वाटत होतं की आपण पेयोलापासून चार हात लांब आहोत.

आता धाकटीबद्दल सांगते. तिच्याबद्दल सांगायचं म्हणूनच मी बोलायला बसले आहे.

समोरच्या रस्त्यावर कपडे शिवणारी एक बाई होती. ती पाकीट टाकण्याआधी माझ्या तोंडाशी उभी राहून चिठ्ठी एकदा ओठांतल्या ओठांत वाचायची, म्हणून मला सगळं पाठ झालं. त्यात लिहिलेलं असायचं, “थोरलीसाठी धाकटीकडून. आई शिवणाच्या मशीनवर बसली की जे म्हणायची, ते होडीचं गाणं लावा. ताई, मशीन तुझंच होतं. जाताना आईने तुझं नाव घेतलं होतं, मी ऐकलं होतं आणि तरी मी ते उचलून आणलं. तू सगळ्यांत हुशार, सगळ्यांत लाडकी, निदान मशीन तरी माझं असू दे, असं मला वाटलं. चुकलं माझं.”

बहिणीबहिणींत अकरा वर्षं अबोला होता. धाकटी दारात गेली की थोरली कडी लावायची. चिठ्ठ्या न उघडता परत यायच्या. पण दुपारी दीडला थोरलीच्या खिडकीतून रेडिओ मोठ्याने लागलेला असायचा, मामांची फर्माईश ती कधी चुकवत नव्हती. तिच्यापर्यंत पोचायची तेवढीच एक वाट उरली होती. आणि दिवस थोडे होते. थोरली शुक्रवारी घर बंद करून लेकाकडे राहायला जाणार होती, पार लांब, जिथे आमच्या केंद्राचा आवाज पोचत नाही. लेकाचा पत्ता धाकटीला कुणी दिला नव्हता.

तिने एकच मजकूर चार आठवड्यांत चार वेळा टाकला. चौथ्या पाकिटावर तिने लाल खडूने ‘शुक्रवारच्या आत’ असं लिहिलं. सोमवारी संध्याकाळी ती पाकीट टाकून गेली, तेव्हा फटीवरून तिचा हात जरा वेळ निघालाच नाही.

मित्रांनो, पुढचं सांगताना मला लाज वाटते, पण सांगणार आहे.

त्या सोमवारी गोडबोल्या आला नाही. मंगळवारी मामांनी डबा उघडला तर आत नवी चिठ्ठी नव्हती. जुन्याच चिठ्ठ्या त्यांनी चाळून पाहिल्या. मग त्यांनी डबा उचलून खाली ठेवला आणि खिशातून किल्ली काढली. दोन महिन्यांनी! माझ्या झाकणावर उजेड पडला. धाकटीचं पाकीट सगळ्यांत वर होतं, लाल खडूची बाजू वर करून. झाकण उघडलं असतं तर मामांची नजर पहिल्यांदा त्याच्यावरच गेली असती.

आणि मी रुसले. आता बरी आठवण झाली, म्हटलं. तिच्याकडचं संपलं म्हणून माझ्याकडे आलात काय? उरलंसुरलं मला नको. हवा दमट होती, लाकूड फुगलं होतं हे खरं, पण जरा अंग सैल सोडलं असतं तर मी उघडले असते. मी अंग चोरलं. कडी घट्ट आवळून धरली. मामांनी किल्ली फिरवली, एकदा ओढलं, दोनदा ओढलं.

“दमली बिचारी,” ते खरखरत्या आवाजात म्हणाले. “सुताराला बोलवायला हवं.” आणि डब्यातल्या गेल्या आठवड्याच्याच चिठ्ठ्या घेऊन आत गेले. मला वाटलं, जिंकले. बुधवारी सुतार आला नाही, गुरुवारीही आला नाही. माझा राग तोवर निवळला होता, पण मामा आता किल्ली लावतच नव्हते.

शुक्रवारी साडेबाराला सूचीबाई टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात मुख्य कार्यालयाचं उत्तर होतं. पेयोला पुल्लिंगी की नपुंसकलिंगी आणि त्यात चहा धरायचा का, असं त्यांनी पत्र लिहून विचारलं होतं. शब्द अर्धवट ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांचा चेहरा पडला होता.

“मामा, चहाचा काही संबंध नाहीये,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी नवीन कार्ड वाचून दाखवलं. “पेयोला. इंग्रजी शब्द. एखादं गाणं वाजवावं म्हणून निवेदकाला गुपचूप दिलेली लाच. पे म्हणजे पैसे देणे. ओला हे शेपूट गाणी वाजवणाऱ्या जुन्या यंत्रांच्या नावांतलं. आता काही लोक दुसऱ्या धंद्यांतल्या चोरट्या लाचेलाही हाच शब्द लावतात. पैसे घेऊन गाणं लावलं आणि तसं श्रोत्यांना उघड सांगितलं, तर ती जाहिरात. लपवलं, तर पेयोला.”

मामांनी डब्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “मी कुठे काय लपवलंय? डबा सगळ्यांसमोर तर आहे.”

“आणि गिरणीमागच्या तिघी मैत्रिणी?” सूचीबाईंनी हळूच विचारलं. “कार्डावर वाक्यात उपयोग लिहायचा राहिलाय, मामा. काय लिहू?”

मामा खाली बसले. मी त्यांना सतरा वर्षं ओळखत होते, पण त्यांचे खांदे असे उतरलेले कधी पाहिले नव्हते. सवतीचा असा पाणउतारा झाला, तर मला खरं म्हणजे उकळ्या फुटायला हव्या होत्या. पण माझं लक्ष घड्याळाकडे होतं. उघडा मला, मी मनात ओरडत होते, आता तरी उघडा.

मामा उठले, खणातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि माझी कडी उखडली. दुखलं. बरं वाटलं. लाल खडू दिसताच त्यांनी पाकीट फोडलं, उभ्या उभ्या वाचलं आणि सूचीबाईंच्या हातात दिलं. सूचीबाई काही न विचारता कपाटाकडे धावल्या.

दीड वाजता मामांचा आवाज लागला. खरखरीत होता, पण त्यात काहीही लपवलेलं नव्हतं. “श्रोतेहो, गेले दोन महिने मी तुम्हाला खोटी नावं वाचून दाखवली. ती माणसं नव्हतीच. ती गाणी लावण्यासाठी मी भेटवस्तू घेतल्या आणि तुमची खरी पत्रं पेटीत पडून राहिली. त्यातलं एक आज वाचतो.” मग त्यांनी धाकटीचं पत्र शब्दन् शब्द वाचलं आणि होडीचं गाणं पूर्ण लावलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मामांना माइकवरून काढलं. डब्याला चारी बाजूंनी लाल लाखेचे शिक्के लावले आणि पुरावा म्हणून तो मोटारीच्या मागच्या सीटवर बसून मुख्य कार्यालयाकडे रवाना झाला. तेव्हाही माझा जळफळाट झाला, नाही कशाला म्हणू? मला आयुष्यात कुणी मोटारीत बसवलं नाही.

मामा टेबल आवरत होते, तेवढ्यात धाकटी आत आली. तिला मी पहिल्यांदाच खोलीच्या बाजूने पाहिलं. ब्लाउजला सुया टोचलेल्या, बोटाला दोऱ्याचा पीळ. मामा धडपडत उभे राहिले.

“ऐकलं का ताईंनी?” त्यांनी विचारलं.

“सामान आणि तिला घेऊन ट्रक काल अकराला गेला,” धाकटी म्हणाली. “मी कोपऱ्यावर उभी होते. तुमचा कार्यक्रम लागला तेव्हा ती घाटापलीकडे असेल.”

मामांनी हातातले कागद टेबलावर ठेवले. तिनेच मग त्यांच्याकडे पाहून म्हटलं, “गाणं छान लागलं हो. मी मशीन बंद करून ऐकलं.” बाकीची तीन पाकिटं तिने मागून घेतली. ती कुठल्या पत्त्यावर टाकणार, हे ना तिला माहीत होतं, ना आम्हाला. दारातून बाहेर पडताना तिने सवयीने माझ्याकडे एकदा पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, कारण मंगळवारचं तिला माहीतच नव्हतं.

सगळे म्हणतात, पेयोलाने घात केला. मामाही तसंच म्हणाले आणि सगळा दोष स्वतःच्या माथी घेऊन घरी गेले. पण मंगळवारी त्यांचा हात माझ्या कडीवर होता, हे फक्त मला ठाऊक आहे. आज तुम्हाला सांगितलं.

मित्रांनो, मला पुन्हा भिंतीत बसवा, रंग द्या, असं मी म्हणणार नाही. एवढंच मागते. कुणी विश्वासाने तुमच्याकडे काही ठेवलं असेल, एखादी चिठ्ठी, एखादा निरोप, चुकलं माझं एवढे दोनच शब्द, तर ते आधी पोचवा. तुमच्या जागी दुसरं कुणी बसलं असेल, तुमची आठवण उशिरा झाली असेल, तरीही आधी पोचवा आणि मग हवं तितकं रुसा. रुसायला सगळं आयुष्य पडलेलं असतं. ट्रक अकराला निघतो.